मी हॉर्न दिला होता

६ जानेवारी, मंगळवार

नवीन वर्षाचा निश्चय: भांडायचं नाही. कॉम्प्युटरवरच्या शर्यतीत कोणी गाडी ठोकली तर नियमाने तक्रार करायची, बस. या ऑनलाइन शर्यतींच्या लीगचं नियमपुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं आहे. शाळा चौथीत सुटली तरी विहारातल्या वाचनालयाचं अर्धं कपाट संपवलेली बाई आहे मी. बाकीच्यांनी पुस्तक उघडलं नसावं. चालवण्यावरून कळतं.

कॉम्प्युटरला जोडलेलं स्टिअरिंग संघदीपचं. रायपूरला नोकरीवर जाताना म्हणाला होता, आई, यावर धूळ बसू देऊ नको. बसू दिली नाही.

८ जानेवारी, गुरुवार

तिसऱ्या वळणावर पुढच्या लाल गाडीने अचानक ब्रेक मारला. मी हॉर्न दिला होता. दोनदा. हॉर्न दिला की बाजू द्यायची असते. संघदीपचे बाबा उभी हयात नागपूर-रायपूर रोडवर ट्रक चालवत होते, सडक अर्जुनीचे ढाबेवाले त्यांना आवाजावरून ओळखायचे. त्यांची रीत हीच. हॉर्न दिला म्हणजे विचारलं. पुढची जबाबदारी पुढच्याची.

लीग चालवणारा गोंदियाचा उमेंद्र म्हणतो, आंटीजी, मोड़ पर तो सब ब्रेक मारते हैं. हे काही उत्तर नाही.

निकाल: माझी चूक. पाच सेकंद दंड. अपील केलं.

१३ जानेवारी, मंगळवार

अपील फेटाळलं. त्यावर अपील केलं.

या लीगमध्ये एकच समजूतदार पोरगी आहे, माझ्या टीममधली टीना. गोंदियाला कॉलेजात असते. मी तिला एसटीने मुरमुऱ्याचे लाडू पाठवले. ती म्हणाली, काकू, तुम्ही मनावर नका घेऊ. चूक माझी नाही असं ती बोलली नाही, पण अर्थ तोच होता.

१८ जानेवारी, रविवार

आज परत टक्कर. पुढच्याचीच चूक. हे लोक वळण आलं की थांबतात काय.

संघदीपचा फोन. म्हणे, आई, मार दरवेळी तुह्याच बोनेटले काऊन लागते? मी म्हटलं, कारण मी मागून येते. पुढे गेले की नाही लागणार. खूप हसला. बापासारखं हसतो.

ते गेले त्या रात्री त्यांच्याही बोनेटलाच लागलं होतं. धुक्यात पुढे रस्त्यावर कोणाचा तरी ट्रक उभा होता, मागचे दिवे बंद. कागदावर काय आलं? मागून धडक, चालकाची चूक. दिव्यांबद्दल एक ओळ नाही. दोन वर्षं मी सांगत आहे, मागून धडकला म्हणून मागचाच दोषी, असं नसतं. लोक मान हलवतात आणि चहा पितात.

२२ जानेवारी, गुरुवार

शेवटी ज्ञानाची कदर झाली. माझं नवीन अपील वाचून उमेंद्र म्हणाला, आंटीजी, अब आप ही जज बन जाओ, मेरे बस का नहीं. त्याच्या आवाजात आदर होता. थोडा थकवाही, पण आदर जास्त.

पंचाला टकरीचा व्हिडिओ वरून घेतलेला येतो. नावं काढलेली, सगळ्या गाड्या पांढऱ्या केलेल्या. कोणी कोणाची बाजू घेऊ नये म्हणून. पद्धत आवडली.

२४ जानेवारी, शनिवार

शर्यतीत टीना मला वळणावर जरा घासली. मी हॉर्न दिला होता. तिची गाडी बाहेर मातीत गेली. तिला काही बोलले नाही. लेकरू आहे, शिकेल.

२५ जानेवारी, रविवार

पहिला खटला. व्हिडिओ परत परत पाहिला. पुढची गाडी सरळमार्गी, आपल्या रेषेत वळत आहे. मागचीला धीर नाही, आत घुसली आणि तिला उडवून दिलं. मी आवाज पूर्ण मोठा करून ऐकलं. साधा हॉर्नही दिला नाही. इतकं उद्धट चालवणं मी पाहिलं नव्हतं.

निकाल सविस्तर लिहिला. वळण सुरू होताना मागच्याचं पुढचं चाक पुढच्याच्या दारापाशी आलं नसेल, तर वळण पुढच्याचं. इथे चाक डिकीपाशीही नव्हतं. शेवटी एक ओळ माझ्या मनाची घातली: पुढचा चालता असो की उभा, पाहणं हे मागच्याचं काम.

शिक्षा: तीन शर्यती बंदी. उमेंद्रने विचारलं, पक्का, आंटीजी? तीन? मी म्हटलं, अशा माणसाला वेळेवर थांबवलं पाहिजे.

२७ जानेवारी, मंगळवार

बंदी माझ्यावर आहे.

पुढची गाडी टीनाची. तक्रारही टीनाची. लाडू खाऊन तक्रार.

फोन केला. मी हॉर्न दिला होता, म्हटलं. ती मग म्हणे, काकू, तो हॉर्न फक्त तुमच्याच घरात वाजते. मले ऐकू येत नाही. कोणालेच येत नाही. मग आधी काऊन नाही सांगितलं, विचारलं तर म्हणे, तुम्ही दरवेळी इतक्या मनापासून सांगत होत्या, दोनदा दिला, तीनदा दिला. मले वाटलं, देऊ द्या.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. संघदीपलाही. त्याला विचारलं तर म्हणाला, लाडवाचा डबा चांगला धुतला होता का तिनं परत पाठवताना. विषय बदलतो.

डबा धुतलेला होता.

२९ जानेवारी, गुरुवार

अपील लिहिलं, दोन पानं. नियमाप्रमाणे ते पंचाकडे जातं, म्हणून माझ्याकडेच आलं. नीट वाचलं. पटलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

आज शर्यत. मी नाही. स्टिअरिंग पुसलं.

निकालातली ती शेवटची ओळ काढून टाका म्हणून उमेंद्रला सांगितलं. तो म्हणाला, वही तो सबसे अच्छी लाइन है आंटीजी, सबको भेज दी. संघदीप अजून लीगच्या ग्रुपवर आहे, त्यानेही वाचली असणार. त्याचा फोन आला नाही.

मग नियमात दुरुस्ती लिहून पाठवली. पुढच्या गाडीचे मागचे दिवे बंद असतील, तर दोष मागच्याचा धरू नये. एवढीच.

उत्तर लगेच आलं. आंटीजी, गेम में सबकी लाइट जलती है.