दुपारी मी फ्री नाही

१ डिसेंबर २०२४, रविवार

काल हे रिटायर झाले. विजेच्या ऑफिसात शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. भाषणात जो तो एकच म्हणे — नागसेनभाऊ आता फ्री. घरी आल्यावर हेही खुर्चीत टेकून म्हणाले, "माया, आता मी एकदम फ्री." मला बरं वाटलं. खांबावर चढून चढून गुडघे गेले माणसाचे.

आज सकाळी नेहमीच्या वेळेला आंघोळ, शर्ट खोचून तयार. मग आठवलं, जायचं कुठंच नाही. दाराशी थोडा वेळ उभे राहिले. मी परत चहा ठेवला.

४ डिसेंबर, बुधवार

सारखे स्वयंपाकघरात. "तांदूळ काहून इतके धुते?" "हा डबा इथं काहून?" मी मेथी निवडत होते, तेवढ्यात मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावून टाकले. हळदीच्या जागी धणेपूड. मी सवयीनं हात घातला, भाजीत धणेच धणे. जेवताना म्हणतात, "आज चव वेगळी आहे."

दुपारी मी शेजारी शोभाताईकडे निघाले. आमचा रोजचा कॅरम, किती वर्षांचा. तर हे, "कुठं चालली? आता मी घरी आहो ना. बस, टीव्ही पाहू." बसले. सिनेमा मी पाहिला, हे घोरले.

५ डिसेंबर, गुरुवार

आजही गेले नाही.

९ डिसेंबर, सोमवार

किराणा आणला. चहापत्तीवर वाटी फ्री. हे खूश — उलटीसुलटी करून पाहत होते. तेवढ्यात सिंधूताईंचा, म्हणजे यांच्या मोठ्या बहिणीचा फोन. मोतीबिंदूचं ऑपरेशन, एकवीस तारखेला. सोबत कोणी पाहिजे. मी समोर उभी, आणि हे मला न विचारता, "माया येईन ना ताई. ते तं दुपारी फ्रीच असते."

एकवीसला आमची कॅरमची स्पर्धा आहे. महिला दुहेरी, मी आणि शोभाताई. या वर्षी कुठं हिंमत करून नाव दिलं. यांना सांगितलं होतं. ऐकलंच नसेल, नाहीतर टाइमपास म्हणून सोडून दिलं असेल.

मी भांडी जोरात घासली.

१० डिसेंबर, मंगळवार

आमची दीक्षा मिहानमधल्या तिच्या कंपनीतून सुटल्यावर इकडेच आली. पोरीला सगळं सांगितलं. तिला आधी हसू आलं, मग नाही. म्हणाली, "आई, फ्री म्हणजे मोकळं पण होते अन् फुकट पण. इंग्रजीत एकच शब्द." तिच्या ऑफिसात साहेब म्हणतात, फ्रीली बोला. कोणी बोललं की त्यांचं तोंड उतरतं.

पोळ्या लाटताना तेच डोक्यात. आपल्याकडे दोन शब्द आहेत ते बरं आहे. मी दुपारी मोकळी असते. फुकट नसते. तसं म्हणून पाहिलं तर दीक्षा म्हणाली, "मले काय सांगते? बाबाले सांग."

११ डिसेंबर, बुधवार

सांगितलं.

"एकवीसला मी फ्री नाही."

"काहून? काय काम आहे?"

"कॅरम."

हसले. मी हसले नाही. म्हटलं, "लोकांच्या घरचा लाइट गेला की तुम्ही भरल्या ताटावरून उठत होते. मी कधी अडवलं का?"

"मंग ताईसोबत कोण जाईन?"

"तुम्ही फ्री आहा ना."

हे उठून अंगणात जाऊन बसले. इतकं तोंडावर मी यांना कधी बोलले नव्हते. संध्याकाळी फोनवर यांचा आवाज आला, "ताई, मीच येऊन राहिलो. मायाले काम आहे."

काम म्हणाले. ऐकत राहिले आणि तव्यावरची पोळी करपली.

१७ डिसेंबर, मंगळवार

सराव जोरात. माझी सोंगटी भोकाच्या तोंडाशी जाऊन अडते. शोभाताई ओरडतात, "हात फ्री सोड वं! स्ट्रायकर काय पळून जाऊन राहिला?" हाही एक फ्री. हा मला आवडला.

२१ डिसेंबर, शनिवार

हात दुखतो आहे पण लिहिणारच.

पहिल्या फेरीत समोर कॉलेजच्या दोन पोरी. आम्हाला "काकू, आरामात खेळा" म्हणाल्या. शोभाताईंनी आरामातच हरवलं त्यांना. मग एकेक करत थेट फायनल.

फायनलच्या मध्येच दाराशी गडबड. पाहते तर हे, आणि यांचा हात धरून सिंधूताई — डोळ्याला काळा चष्मा, दवाखान्यातून सरळ इथंच. ताईंना धड काही दिसत नव्हतं. समोरच्यांनी राणी घेतली तरी ताईंच्या टाळ्या. हे कानात सांगत होते, "ताई, आपली नाही, त्यांची." सगळा हॉल हसत होता. हसता हसता मला स्ट्रायकर धरवेना.

हरलो. थोडक्यात. दुसऱ्या नंबरचा कप मिळाला, तो घरापर्यंत यांनी धरला. ऑटोवाल्यानं विचारलं, "काका, तुम्ही जिंकले का?" हे म्हणाले, "नाही. आमच्या बाई खेळतात."

२६ डिसेंबर, गुरुवार

आज शोभाताईकडून आले तर घरात फोडणीचा वास. यांनी खिचडी टाकली होती. मीठ कमी, पाणी जास्त. हळद मात्र बरोबर — डबा जुन्या जागी गेला आहे. जेवताना विचारतात, "राणी घेतल्यावर कव्हर म्हणजे काय?" राणीमागोमाग आपली एक सोंगटी घ्यावी लागते, ते ताटात शेंगदाणे मांडून समजावलं. खिचडी थंड झाली. दोघांनाही कळलं नाही.

३० डिसेंबर, सोमवार

सकाळी यांच्या ऑफिसातून फोन. नव्या पोरांना शिकवायला वर्षभर परत या म्हणतात. महिन्याच्या सुरुवातीला हा फोन आला असता तर मी गल्लीत पेढे वाटले असते. यांनी फोनवर हात ठेवला. "काय सांगू?"

"नाही म्हणा."

"काहून?"

"मले तुम्ही घरी पायजे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य तोंडातून आजच निघालं. फोनवर ठेवलेल्या हाताचा काही उपयोग झाला नव्हता. पलीकडून साहेब म्हणाले, "समजलं, ताई."