म्हातारपणाची व्याख्या

सायकालच्या बाबांना,

आज शहरात, नारीनला जाऊन घर आपल्या लेकीच्या, सायकालच्या नावावर केलं. बदल्यात म्हातारपणी तिने मला सांभाळायचं, असा करार. नोटरी वाचू लागला, "म्हातारपण म्हणजे वयाची अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होणं."

मला हसूच फुटलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी तर आपण एकाच घोड्यावरून, घोडीच्या दुधाचा कुमिस सांडत, वरच्या कुरणावर गेलो होतो!

"हे खोडा," मी म्हणाले.

"मग काय लिहू, आजी?"

"एकटीला घोड्यावर चढता येईना, तेव्हापासून."

सायकाल हळूच म्हणाली, "आई, मागच्या उन्हाळ्यात तुला मीच चढवलं."

मी सही केली. जिना उतरताना तिने माझा हात धरला. तुम्ही गेल्यापासून कुणाला धरू दिला नव्हता. आज सोडवून घेतला नाही.

तुमचीच,
बुरमा