पाचवी होळी

१४ फेब्रु., बुध.
राखेचा बुधवार. आमच्या मंडळीत कपाळाला राख लावत नाहीत, नाव तेवढं. ईस्टरपर्यंत चहा सोडला. सुमन म्हणाली, "सोडा. पण अकरा वाजता डोकं दुखलं की माझ्यावर चिडायचं नाही."
दुपारी दिलवर आला, दादाचा मुलगा. दादाची डावी बाजू गेली. आठ दिवस झाले. नंदुरबारला नेलं, परत पाड्यावर आणलं.
"मला कळवलं का नाही?"
"बाबा म्हणाला, त्याची प्रार्थना चालू असेल. आता मात्र तुम्हालाच बोलावतोय."

१६ फेब्रु., शुक्र.
वर पाड्यावर जाऊन आलो. दादा जमिनीवर, घोंगडीत. तोंड एका बाजूला ओढलेलं. आम्ही पावरीत बोललो, पण पावरी लिहायला माझा हात वळत नाही. शाळेने मराठीच हातात दिली. मराठीतच उतरवतो.
"चार झाल्या. पाचवी तू उभी कर."
दादाचा होळीचा नवस. पाच वर्षं काठी गावच्या होळीत नाचायचं, अंगावर राखेचे ठिपके, कमरेला भोपळे नि घुंगरू. आधीचे पाच दिवस पाळणी : खाट नाही, वहाण नाही, आपलं अन्न आपण शिजवायचं. चार वर्षं नाचला. मला वाटायचं बैलासाठी बोलला असेल, त्या साली बैल आजारी होता.
"बैल दोन दिवसांत उठला. तू उठत नव्हतास."
माझ्यासाठी बोलला होता. मी कधी विचारलंच नव्हतं.

१८ फेब्रु., रवि.
त्याच साली माझ्या छातीत पाणी झालं होतं, महिनाभर दवाखान्यात. बरा झालो आणि मंडळीत उभं राहून साक्ष दिली : येशूने मला उठवलं. डॉक्टर, पाळक, प्रार्थना करणाऱ्या बाया, सगळ्यांचे आभार मानले. दादा त्या दिवशी शेवटच्या चटईवर बसलेला. मला भेटायला आला होता, धुतलेला सदरा घालून, बगलेत कोंबडी. नवसाचं मला माहीत नव्हतं, मान्य. पण महिनाभर उशाशी कोण बसलं होतं ते तर ठाऊक होतं. त्याचं नाव घेतलं नाही.
आज उपासनेनंतर पाळकांशी बोललो. तरुण आहेत, मनाने चांगले. "गुरुजी, भावाची सेवा करा, खुशाल रविवार बुडवा. पण नवसाचे घुंगरू... तुम्ही पंचमंडळीत आहात. पोरं तुमच्याकडे बघतात." जाताना आठवण केली, झावळ्यांच्या रविवारचं, ईस्टरच्या आदल्या रविवारचं, वाचन तुमच्याकडे.
घरी दिनदर्शिका पाहिली. तो रविवार आणि होळी एकाच दिवशी.

३ मार्च, रवि.
मंडळीत गेलो नाही. दादाचं अंग पुसलं, पाठ धुतली, पेज भरवली. प्रार्थना राहून गेली. राहून गेली, की टाळली?
लहानपणी आश्रमशाळेपर्यंत दोन डोंगर. दादा खांद्यावर बसवून न्यायचा, मी वर बसून कविता म्हणायचो, घोळून घोळून, चालीवर. दोघांपैकी एकालाच शाळा, दुसऱ्याला गुरं. शाळा मला मिळाली. आज म्हटलं, दादा, ती नदीची आठवते? वाकड्या तोंडाने त्याने दोन कडवी म्हणून दाखवली. अर्थ त्याला कधी कळला नसेल. मी मात्र पुढची विसरलो होतो. आयुष्यभर शिकवलेली कविता!

१९ मार्च, मंगळ.
दिलवर म्हणाला, "काकांना कशाला? मी नाचतो."
दादा : "तुझ्यासाठी नव्हतो बोललो."
आजपासून पाड्यावरच मुक्काम. जमिनीवर निजतो, अनवाणी चालतो, तीन दगडांवर माझी पेज मी करतो. माझा उपवासकाळ चालू आहेच, हे त्यातच धरलं. दादाला वाटलं पाळणी. ओठाची उजवी बाजू हसली. मी तसंच वाटू दिलं.
हे खोटं आहे का? उपास तोच, जमीन तीच.

२२ मार्च, शुक्र.
सुमन वर आली, पीठ घेऊन. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "नाचायचं तर नाचा, नाहीतर त्यांना नाही म्हणून सांगा. दोन्हीकडे गोड राहू नका. जन्मभर तेच केलंत."
संध्याकाळी दादाने घुंगरू काढायला लावले. एका हाताने माझ्या कमरेला बांधायला गेला, पट्टा घसरून खाली.
"मास्तर, कंबर कुठं शाळेत विसरून आलास का?"
सगळे हसले. मीही.

२४ मार्च, रवि.
पहाटेच खाली उतरलो. वाचन केलं. शिंदीच्या झावळ्या हातात घेऊन पोरं ओरडत होती, होसान्ना. आवाज माझा बरा लागला. लागला याचंच वाईट वाटतंय.
परतीला जीपमध्ये पाय ठेवायला जागा नाही. ड्रायव्हर शहाद्याकडचा : "मांगे सरका ना गुर्जी, काठीनी गर्दी शे." तीनला पाड्यावर.
दादा जागा. दिलवर राख कालवत बसलेला.
"खाली वाचलंस?"
"वाचलं."
"त्यांना सांगितलंस, आज नाचतोस म्हणून?"
म्हटलं, "नाही सांगितलं."
दादा म्हणाला, "मी तुझ्या मंडळीत चटईवर येऊन बसलो होतो. सगळ्यांसमोर." आणि दिलवरला, "राख सांडून दे."
मी म्हटलं, दादा, नाचतो मी. खरंच नाचतो. त्याने भिंतीकडे तोंड केलं.
पाड्यावरची माणसं ढोल घेऊन काठीला गेली. मी बसून राहिलो.

२९ मार्च, शुक्र.
उत्तम शुक्रवार, प्रभूच्या मरणाचा दिवस. खाली गेलो नाही. दादा बोलत नाही. पेज घेतो, माझ्याच हातची, पण डोळे मिटून. नवस अर्धा राहिला की माणूस अर्धा राहतो म्हणतात आमच्याकडे. मी ते मानत नाही. मानत नसलो तरी त्याचा हात हातात घेऊन बघतो, किती गार.

३१ मार्च, रवि.
ईस्टर. सकाळी उपासना, मग सुमनने चहा केला. दीड महिन्याने. निम्मा तसाच ठेवला.
पाळकांना सांगितलं, पुढल्या होळीला दादा असेल तर मी काठीला नाचेन, आणि आधी मंडळीत उभं राहून तसं सांगेन. ते म्हणाले, "मग तुमचं नाव पंचमंडळीत ठेवता येणार नाही, गुरुजी." म्हटलं, ठीक. ठीक आहे का, माहीत नाही. प्रभूला विचारलं.
संध्याकाळी वर जाऊन दादाला हेच सांगितलं. पेजेचा चमचा तोंडाशी नेला. या वेळी डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होता. तोंड मात्र उघडेना.