चौकीत न घेतलेलं नाव

विश्रामबाग, सांगली
७ फेब्रुवारी १९६५

आदरणीय आण्णा यांस,
जाईबाईचा सविनय जय भीम.

मी इकडे खुशाल आहे. तुमचं, आक्काताईंचं आणि विजयमालेचं कुशल कळवावं. आक्काताईंच्या गुडघ्यांना निर्गुडीचा शेक चालू असेलच. इथल्या मुलींच्या वसतिगृहात माझं काम नीट चाललंय. सकाळी पन्नास मुलींच्या भाकरी, दुपारी निवडणं-टिपणं, आणि रेक्टरबाईंनी सातवीच्या परीक्षेला बसवलंय म्हणून संध्याकाळी पुस्तक. अक्षर सुधारलंय ते पत्रावरून दिसेलच.

विजयमालेचं आटपाडीच्या मुलाशी जमलं, वाचून बरं वाटलं. पोरगी गुणाची आहे. पण आण्णा, त्या बातमीच्या खाली तुम्ही जे लिहवून घेतलंत ते वाचलं आणि माझं पीठ परातीत तसंच राहिलं. व्याही विचारतात, मुलीचा चुलता कुठं असतो. तुमचा धाकटा भाऊ बेपत्ता आहे असं सांगायला तुम्हाला कमीपणा वाटतो. म्हणून तुम्ही चौकीत जबाब देऊन तपास बंद करणार, तो वारला म्हणून सांगणार, आणि मी लग्नाला कुंकू पुसून यायचं. येत्या मे महिन्यात चार वर्षं होतील. चार वर्षांत तुम्ही चौकीत किती वेळा गेलात? एकदा. आता दुसऱ्यांदा जाणार ते माणूस मारायला.

मी कुंकू पुसणार नाही. का, ते ऐका.

हे इकडच्या कॉलेजात शिपायाची जागा बघायला म्हणून घर सोडून निघाले, ते इथं पोचलेच नाहीत, एवढंच आपल्याला ठाऊक होतं. त्यासाठीच मी सांगलीला येऊन राहिले. गेल्या महिन्यात वसतिगृहातली एक मुलगी तापानं फणफणली. तिला घेऊन एका दवाखान्यात पाच दिवस बसून होते. तिथं रंगूबाई म्हणून म्हातारी आया आहे. कुणाच्या तरी भाजल्या हाताला मलम लावताना ती सहज बोलून गेली, "ह्ये काय न्हाई. एक गडी हुता हितं, त्येनं हातावरचं गोंदान सबंध बिब्ब्यानं जाळल्यालं. म्या इचारलं, काय गोंदलं हुतं रं? तर म्हनला, दुसऱ्याच मानसाचं नाव हुतं."

मी तशीच उठून कचेरीत गेले. कारकुनाच्या पाया पडून जुनं रजिस्टर काढायला लावलं. ६ मे १९६१ ला दाखल. स्टेशनावर बेशुद्ध सापडला. विषमज्वर. खाट नंबर चौदा. उजव्या हातावर भाजल्याचा डाग. आणि नाव, दीक्षेनंतर यांनी घेतलेलं नाव, वडिलांच्या नावासकट. ते मी इथं लिहीत नाही. नवऱ्याचं नाव बाईमाणसानं घेऊ नये, अशी आपल्याकडची रीत. तुम्हाला ते ठाऊक आहे, तोंडून कधी काढलं नसलंत तरी. २४ जूनला 'स्वतःहून गेला' असा शेरा आहे. कुठं गेला, तो रकाना कोरा.

म्हणजे सात आठवडे हे इथं पडून होते. जिवंत.

एवढ्यावर संपलं नाही. आपली तक्रार गेल्यावर पोलिसांनी ठिकठिकाणच्या दवाखान्यांना विचारणा केली होती. तिला इथून गेलेल्या उत्तराची नक्कल कारकुनानं फाईलमधून काढून दाखवली. तारीख १६ जून. 'यल्लाप्पा सोपान अहिवळे, उजव्या हातावर नाव गोंदलेले, या वर्णनाचा इसम येथे दाखल नाही.' हे नाव लिहायला मला काही वाटत नाही, कारण ते यांचं नव्हेच. १६ जूनला हे चौदा नंबरच्या खाटेवर पेज पीत होते, आण्णा. कारकून खोटं बोलला नाही. तुम्ही सांगितलेला माणूस तिथं नव्हता, एवढंच.

सगळ्या वस्तीनं दीक्षा घेतली, घरोघरचे देव गेले, तेव्हा तुम्ही सासूबाईंची यल्लम्माची परडी माळ्यावर पाटीखाली लपवलीत. देवीच्या नवसाचा म्हणून यल्लाप्पा, तो मरेपर्यंत यल्लाप्पाच, असं म्हणालात. पाटलाच्या मेलेल्या बैलावरून भांडण झालं म्हणून भाऊ गेला, असं तुम्ही गावाला सांगता. बैल ओढणार नाही एवढंच हे म्हणाले होते. त्यावर तुम्ही दारात उभं राहून "यल्ल्या, यल्ल्या" म्हणून सतरांदा हाका मारल्यात. हे ट्रंक उचलून काय म्हणाले ते सगळ्या वस्तीनं ऐकलंय. "मला माज्या नावानं हाक मारशिला, तवाच ह्या घरला यीन."

रंगूबाई सांगत होती, हे तिला रोज विचारायचे, माझं नाव घेऊन कुणी आलंय का. रोज.

इथले पोलीस म्हणतात, मूळ तक्रार ज्याच्या नावावर आहे त्यानंच समक्ष येऊन नाव आणि खूण दुरुस्त करून द्यावी, मग नव्यानं शोध लावू. तेव्हा तपास बंद करायचं राहू द्या. इकडे या आणि तुमची चूक तुमच्या तोंडानं सुधारा. पाठच्या भावाचा हात एकदा धरून पाहिला असतात, तर तिथं गोंदण नाही, डाग आहे, हे तुम्हालाही दिसलं असतं.

आक्काताईंना नमस्कार. पत्राचं उत्तर ताबडतोब द्यावं.

आपली,
जाईबाई


विश्रामबाग, सांगली
२ मार्च १९६५

आण्णा यांस,
जय भीम.

तुमचं पत्र पोचलं. तुम्ही बोललात तसंच्या तसं ग्रामपंचायतीच्या भाऊसोनं उतरवलंय, एक शब्द सोडलेला नाही. "तू शेजारीच हुबी हुतीस की. तुज्या तोंडाला काय कुलूप घातलं हुतं? आन डागाचं मला सांगतीस. काकवीनं भाजलं म्हनून कोन म्हनलं हुतं? गोंदान त्येच्याखाली तसंच आसंल म्हनून मी सांगितलं. मला काय सपान पडलं हुतं?"

हे पत्र मी तीन दिवस पिठाच्या डब्यामागं ठेवलं होतं. दहादा काढून वाचलं आणि दहादा तुमच्यावर चिडले. चौथ्या दिवशी कुणावर चिडावं ते कळेना, कारण तुम्ही लिहिलंय ते खरं आहे.

तर आता मीच सांगते. बिब्बा मी लावला. दीक्षा घेऊन आले त्याच आठवड्यात यांनी बिब्बे आणले. स्वतःच्या हातानं जमेना म्हणून काडी माझ्या हातात दिली. मला तेव्हा अक्षरओळख नव्हती. "ह्यो य. ह्यो ल्ला. आता ह्यो प्पा," असं सांगत होते आणि मी एकेक अक्षर जाळत होते. मी शिकलेली पहिली अक्षरं ती. हात आठ दिवस सुजला होता. तुम्ही माराल म्हणून गुऱ्हाळावर काकवी सांडली असं मी सांगितलं, आणि खोबरेल लावत बसले. त्या हाताला आता गोंदण नाही हे दुनियेत दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक बेपत्ता होता आणि दुसरी चौकीत तुमच्या शेजारी उभी होती.

हवालदारानं आधी मलाच विचारलं होतं, विसरलात? "बाई, नवऱ्याचं नाव?" मी पदर पुढं ओढला. "मग उखाना घ्या की," म्हणाला. सगळी चौकी हसली. तुम्ही पण हसलात, आण्णा. भाऊ हरवलेला, आणि तुम्ही हसलात. मग टोपी सारखी करून म्हणालात, "ल्ह्या सायेब, यल्लाप्पा सोपान." ते लिहिताना मी त्याच्या टाकाकडे बघत होते. खरं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. त्याच्या पंधराच दिवस आधी वस्तीतल्या बायडाबाईच्या नातवाच्या बारशाला चाळीस बायकांत उखाण्यात मोठ्यानं घेतलं होतं मी तेच नाव. तिथं लाज वाटली नव्हती.

थोरल्या दिरापुढं बोलू नये, नवऱ्याचं नाव घेऊ नये, हे सगळं मी चार वर्षं स्वतःला सांगितलं. ते पण होतं. पण तेवढंच नव्हतं. मला यांचा राग आला होता. आठ दिवसांत तुला नेतो म्हणाले आणि महिना झाला तरी कार्ड नाही. मला तुमच्या घरात, तुमच्या हाकांत टाकून गेले. हवालदार ते जुनं नाव लिहीत होता तेव्हा माझ्या मनात आलं, बरं झालं, राहा आता त्याच नावात. हो, असंच आलं. एवढ्याशा रागापायी मी गप्प बसले, आणि हे खाटेवर पडून दाराकडे बघत राहिले.

मी हे कुणाला सांगितलं नाही. तुमच्यावर तोंड टाकत राहिले म्हणजे माझ्याकडे कुणी बघणार नाही, असा माझा हिशेब होता. गेल्या पत्रात हाताचं तुमच्यावर ढकललं, ते खोटेपणानं ढकललं. त्याची मी माफी मागते. आक्काताईंनाही वाचून दाखवा.

यांचा राग तर मला अजून आहे. सात आठवडे अंथरुणाला खिळले होते, रंगूबाईकडून दोन ओळी लिहवून टाकायला काय झालं होतं? तुम्ही नावानं हाक मारत नाही म्हणून बायकोलासुद्धा कळवायचं नाही? हा कुठला ताठा? भेटले की आधी भांडणार आहे. पण त्यासाठी भेटायला तर पाहिजेत, आणि तुम्ही त्यांना वारले म्हणून सांगायला निघालात.

माझं चुकलं म्हणून तुमचं सुटलं असं समजू नका. डाग माझ्याकडं, नाव तुमच्याकडं. ते तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही हट्टानं दुसरं सांगितलंत.

परवा मी इथल्या चौकीत गेले. जमादारानं नवऱ्याचं नाव विचारलं, मी सांगितलं. त्याला नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा सांगितलं. कुणी हसलं नाही. आभाळही कोसळलं नाही. इतकी सोपी गोष्ट होती, याच्याच संतापानं मी बाहेर येऊन पायरीवर बसून रडले. माझा जबाब त्यांनी लिहून घेतलाय. आता तुमचा पाहिजे, त्याशिवाय कागद पुढं सरकत नाही.

१५ मार्चला, सोमवारी, पहिल्या एस.टी.नं या. मी स्टँडवर उभी असेन. जेवण वसतिगृहातून घेऊन येईन, तुमच्या आवडीचा ठेचा पण करीन. आला नाहीत तर मी विजयमालेच्या लग्नाला येईन. कपाळभर कुंकू लावून येईन आणि आटपाडीच्या पाहुण्यांपुढं मांडवात उभी राहून सांगेन, पोरीला एकच चुलता आहे, तो जिवंत आहे, आणि त्याचं नाव हे आहे. मग तुमचा कमीपणा तुम्ही सांभाळा.

हे भाऊसोकडून वाचून घ्याल. खालची सही त्याला मोठ्यानं वाचायला लावा. मग तुम्ही तेच नाव एकदा म्हणून बघा. घरात कुणी नसताना म्हणा हवं तर. चौकीत अडखळलात तर पुन्हा चुकीचं लिहितील.

तुमच्या भावाची बायको,
सौ. जाईबाई आनंद अहिवळे