एडनच्या बाजारातला पक्षी

लालबाग, मुंबई
५ फेब्रुवारी १९५६

ललिताच्या बाबांस,

राधाचा नमस्कार. ललिता खुशाल आहे, बेचा पाढा पाठ झाला. गेल्या महिन्यात इथे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांवर गोळीबार झाला, कर्फ्यू लागला. आता गिरणी चालू आहे, मी पाळीला जाते.

तुमच्या बोटीवरच्या दौलतभावोजींच्या हाती तुम्ही पाठवलेला पक्षी पोचला. चिमणीएवढा, पिवळाधमक, तोंडाला शेंदूर फासल्यासारखा. ‘एडनच्या बाजारात लेकीसाठी घेतला,’ हा तुमचा निरोपही पोचला. असा गायचा की खालच्या मजल्यावरची माणसं वर यायची.

मग चाळीसमोर अश्रुधूर सोडला आणि तो पंख फुगवून बसला. खाईना. ललितानं रडून घर डोक्यावर घेतलं. कर्फ्यू उठल्यावर पिंजरा घेऊन फोर्टात गेले, पक्ष्यांच्या एका जाणकारांकडे. ते खुर्चीतून उठलेच.

“बाई, हा कुठून आणलात?”

“आमच्या यांनी एडनला विकत घेतला.”

“शक्य नाही. मॉरिशसच्याही पलीकडे रॉड्रिग्ज नावाचं बेट आहे. सगळ्या जगात हा फक्त तिथे राहतो.”

किडे आणि फळांचा गर द्या म्हणाले. दिला. पक्षी जगला.

मग दौलतभावोजींना बोलावलं. चहा ठेवला आणि विचारलं. त्यांनी कप बाजूला सारला.

“वहिनी, त्या बेटावर जयवंत बोटीवरून उतरला तो परत चढलाच नाही. दोन वर्षं झाली. घर आहे त्याचं तिथे. बाई आहे. मुलगा झालाय.”

म्हणजे तुमची पत्रं बोटीवरून नेऊन एडन बंदरातल्या टपालपेटीत भावोजीच टाकत होते. आणि मागच्या पत्रात तुम्ही मला हुकूम सोडलात, ‘मोर्च्याला जाऊ नकोस, घराण्याची अब्रू जाते’!

रडले. खोटं कशाला सांगू? मग तोंड धुतलं आणि कामावर गेले.

मोर्च्याला मी जाते. उद्याही जाणार. पकडलं तर तुरुंगात जाईन, ललिताला शेजारच्या कमळाबाई सांभाळतील. तुमचे धाकटे बंधू रमाकांत आले होते, मोर्च्याला जायचं असेल तर खोली सोड म्हणाले. दारात उभी राहून सांगितलं, “तुमच्या दादाला समोर येऊन सांगू दे.” सगळी चाळ ऐकत होती. ते निघून गेले.

हे पत्र एडनला टाकत नाही, भावोजींच्याच हाती देते. तुम्ही येऊ नका. आलात तरी हे दार उघडणार नाही.

ललितापासून काही लपवलं नाही. ती म्हणाली, “आई, माझ्या भावाचं नाव काय?”

मला सांगता आलं नाही. तेवढं कळवा. दुसरं काही लिहू नका.

राधा

(नावाआधी ‘तुमची’ लिहायचं विसरलेले नाही.)