मूळ गाव वेळणेश्वर

३ डिसेंबर, बुधवार

लेबनॉन! सकाळी चहाच्या टेबलावर अपूर्वाने शांतपणे सांगितलं — "बाबा, रविवारी एलियासला जेवायला बोलावलंय. आम्ही लग्न करायचं म्हणतोय." एकुलती एक मुलगी. पुण्यात मुलांचा दुष्काळ पडला होता का? हा लेबनॉनचा, येरवड्याला तिच्याच ऑफिसात आहे म्हणे. येरवडा म्हटलं की आमच्या पिढीला एकच इमारत आठवते, पण तोंड आवरलं.

दुपारी नकाशा काढला. एवढासा देश! करंगळी ठेवली की दिसेनासा होतो.

७ डिसेंबर, रविवार

आला. उंच, हसरा. बूट न सांगता दाराबाहेर काढले. आडनाव खूरी — त्यांच्या भाषेत पुरोहित. धर्माने ख्रिश्चन. बायको, वासंती, लगेच म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखे उपाध्येच की!" अळूवडी बघून त्याचे डोळे चमकले. त्यांच्याकडे द्राक्षाच्या पानांत भात भरून अशाच गुंडाळ्या करतात. सात खाल्ल्या. बायको तिथेच पक्ष बदलून मोकळी झाली.

मी मुद्द्यावर आलो. गाव कुठलं? "ऐन-तूत," एका दमात म्हणाला. डोंगरातलं लहानसं गाव. मग बाकीचं हळूहळू बाहेर आलं. जन्म आफ्रिकेतला, आबिजानचा — तिथे वडिलांचं कापडाचं दुकान. शिक्षण माँट्रियलला. आजी ब्राझीलमध्ये, काका सिडनीत. ऐन-तूतला फक्त ऑगस्टच्या सुट्टीत जातो! पणजोबांनी गाव सोडलं त्याला शंभर वर्षं झाली. तरी सगळ्या घराण्याची नावं अजून त्याच गावच्या सरकारी नोंदवहीत. लग्न झालं की अपूर्वाचंही तिथेच लागणार. आपल्याकडे सातबाऱ्यावर जमीन लागते, यांच्यात माणसं लागतात.

"मग तुम्ही दोघं राहणार कुठे?" मी विचारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "अजून ठरलं नाही, बाबा."

इथेच माझं घोडं अडलं. मुलगा चांगला आहे, पण या लोकांचा पाय कुठे ठरत नाही. उद्या माझी मुलगी कुठल्या खंडात असेल, कुणी सांगावं? होकार दिला नाही. विचार करतो म्हणालो.

८ डिसेंबर, सोमवार

वासंतीला म्हटलं, जिथे कधी राहिलाच नाही ते गाव कसलं? मेथी निवडता निवडता म्हणाली, "अहो, आणि आपलं वेळणेश्वर?"

तिथून आजोबा निघाले. मी १९९४ साली गेलो होतो. अभिषेक केला आणि दुपारच्या एसटीने परत. तरी कुणी विचारलं की छाती काढून सांगतो — मूळचे आम्ही कोकणातले!

१४ डिसेंबर, रविवार

आज माझीच परीक्षा झाली!

संध्याकाळी सात वाजता त्यांच्या आजीचा व्हिडिओ कॉल. तेता म्हणतात आजीला. वय अठ्ठ्याऐंशी. एलियासने लॅपटॉप उघडला तर पडद्यावर नऊ चौकोन! तेताकडे सकाळचे साडेदहा, माँट्रियलची मंडळी नाश्त्याला, आबिजानची जेवून उठलेली, सिडनीचे काका नाइट ड्रेसमध्ये जांभया देताहेत. सगळे एकदम बोलतात, एकमेकांना गप्प करतात, पुन्हा बोलतात. अगदी आपल्याकडच्या बारशासारखं.

मला वाटत होतं, होकार मी द्यायचा आहे. तेताने तोंड उघडल्याबरोबर एलियासकरवी विचारलं, "तुमचं गाव कुठलं?" मी ऐटीत म्हणालो, "पुणे." एलियास ओशाळून म्हणाला, "बाबा, ती शहर नाही विचारत. गाव विचारतेय." म्हटलं, वेळणेश्वर. काय आहे तिथे? समुद्र, देऊळ, नारळ. घर? घर नाही, नुसतं जोतं उरलंय. म्हातारीच्या कपाळावर आठी.

"मग सुट्टीत मुलं कुठे येतात?"

छत्तीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काढली, पुणे सुटेल म्हणून दोन बढत्या नाकारल्या, साधा पासपोर्ट काढला नाही. एवढा मुळं धरून बसलेला माणूस, आणि बिनगावाचा ठरलो मी!

१५ डिसेंबर, सोमवार

स्वारगेटला जाऊन गुहागरच्या गाडीची तिकिटं काढली. अपूर्वा म्हणाली, "चार कशाला?" म्हटलं, "तुझ्या त्या पुरोहितालाही घे."

२७ डिसेंबर, शनिवार. वेळणेश्वर

हे समुद्राच्या वाऱ्यात बसून लिहितोय. आमच्या जोत्यावर झुडपं माजली आहेत, पण दगड जागच्या जागी. शेजारच्या घरातून शालनवहिनी धावत आल्या — माझ्या चुलतभावाची बायको, वय ऐंशीच्या पुढे. "आलात हो भावजी एकदाचे! आम्हाला वाटलं, पुण्याने गिळलंन तुम्हाला." मग एलियासकडे वळल्या. "तुमचं गाव कुठलं हो?"

"ऐन-तूत," त्याने सांगितलं.

हे गाव कुठे आलं, वहिनींनी विचारलंच नाही. "पाणी आहे का बारमाही?" अपूर्वाने विचारून सांगितलं, झरा आहे, गावाच्या नावातच आहे. "मग झालं तर," म्हणून त्या शहाळी काढायला सांगून आल्या.

एलियासने तेताला फोन लावून एकेक दगड दाखवला. ती बघत राहिली. मग हसली, डोळे पुसले. "दगड आहेत ना? मग घर आहे." आणि तिथेच हात वर करून आशीर्वाद दिला. माझ्याही तोंडून होकार निघून गेला. वासंती म्हणते, मी रडलो. वारा होता.

५ जानेवारी, सोमवार

अपूर्वा खाली मान घालून आली. दोघांची माँट्रियलला बदली. लग्न उरकून मे महिन्यात निघायचं. "बाबा, तुम्ही नको म्हणालात तर..."

वाईट वाटलं. फार वाटलं. वहीत खोटं कशाला लिहू? महिनाभर ज्याला भीत होतो ते समोर येऊन बसलं. पण विचारलं एवढंच, "ऑगस्टात ऐन-तूतला जाणार ना?" "हो." "आणि गणपतीत?"

तिने मान वर केली. म्हटलं, "वेळणेश्वरला यायचं. जोत्यावर दोन खोल्या बांधतोय, शालनवहिनींशी बोलणं झालंय. मुलांना सुट्टीत यायला जागा नको?" लहानपणी मिठी मारायची तशी मारलीन. चष्मा वाकला.

९ जानेवारी, शुक्रवार

तेताचं फर्मान — ऑगस्टात गावच्या नोंदवहीत अपूर्वाचं नाव लागेल तेव्हा मुलीच्या आईवडिलांनी ऐन-तूतला हजर पाहिजे. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत फोटो काढायला गेलो. फोटोवाला वैतागला, "काका, पासपोर्टचा आहे. हसायचं नाही!" चौथ्यांदा जमलं.