आई नक्की वाचेल

बार्सिलोना बंदर,
१२ मार्च २००५

प्रिय आई, सप्रेम जय भीम.

मी मजेत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

धाकट्या चैतालीने पिंपळगावच्या सायबर कॅफेतून मेल पाठवला, 'मॅडम म्हणाल्या, आई नक्की वाचेल.' मला वाटलं, दवाखान्यातल्या मॅडम! जहाजाच्या ऑफिसात मेल येतो, पण भर समुद्रात मोबाइलला रेंज नाही. दोन दिवस जहाजावर कांदा चिरताना बंदर किती लांब, हेच विचारत होतो.

बंदरात फोन लागला, तर तू म्हणालीस, "मला काय धाड भरलीय? साक्षरता वर्गाच्या मॅडम त्या!"

मग सगळ्या भटारखान्याला सांगितलं, माझी आई वाचायला शिकली.

म्हणून हे पत्र मोठ्या अक्षरांत लिहिलंय. आजवर चैताली वाचायची अन् तू ऐकायचीस. आता तू वाच, तिला ऐकू दे.

तुझा,
संघर्ष